‘वंडरशून’ नांवाचें जाळें आणि नकोशा मासळीचा प्रश्न

समुद्रांत टाकलेल्या जाळ्यांत पाहिजे तेवढीच मासळी येत नाहीं. पिल्लें येतात, अंडीं धरलेल्या माद्या येतात, बाजारांत ज्यांस कोणी विचारीत नाहीं असे जीव येतात, प्रसंगीं कांसवेंही येतात. या बिनमोलाच्या मिश्र मासळीस आमच्या किनाऱ्यावर ‘कुटा’ म्हणतात. अशी मासळी जाळ्यांतून जिवंत सुटून जावी एतदर्थ जाळ्याची घडण सुधारण्याचे जे यत्न झाले, त्यांविषयीं सुशिक्षितांत एक समजूत रूढ झाली आहे. ती अशी कीं, हा विचार अगदीं अलीकडचा. तो शास्त्रज्ञांनीं काढला, सरकारांनीं उचलला आणि कोळ्यांवर लादला. कोळी मात्र पहिल्यापासून हाताला लागेल तें ओढीत आला आहे. ही समजूत कागदपत्रांच्या कसोटीस कितपत उतरते हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. साधनें बहुतांशीं इंग्लंड व अमेरिका येथील आहेत, कारण या वादाचे लेखी पुरावे तेथें अखंड सांपडतात. आमच्या किनाऱ्याकडे आम्ही शेवटीं वळूं.

या विषयावरील जुन्यांतला जुना व महत्त्वाचा कागद म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या अखेरच्या दिवसांत पार्लमेंटांत दाखल झालेला एक अर्ज होय. त्याचा सन कोठें १३७६, तर कोठें १३७७ असा छापलेला आढळतो. त्या काळीं इंग्रजी वर्ष २५ मार्च रोजीं बदलत असे. जानेवारी-मार्चमधील प्रसंग जुन्या गणनेनें मागील वर्षांत व नव्या गणनेनें पुढील वर्षांत पडतो. शक आणि फसली यांचा मेळ घालतांना ज्यांचे डोळे शिणले आहेत, त्या आमच्या वाचकांस याचें नवल वाटावयास नको. अर्जाची भाषा तत्कालीन दरबारी फ्रेंच आहे.

अर्जदारांचें म्हणणें थोडक्यांत असें. राज्यांतील खाड्यांत व बंदरांत पूर्वीं उत्तम व मुबलक मासळी मिळे. परंतु सात वर्षांखालीं कांहीं कोळ्यांनीं एक नवें साधन निर्माण केलें. त्याचें नांव ‘वंडरशून’. त्याची घडण कालवें काढण्याच्या खरवडणीसारखीच, पण लांबी नेहमीपेक्षां बरीच अधिक. त्यास जें जाळें लावलें आहे त्याचे आस, म्हणजे गांठींमधील डोळे, इतके बारीक कीं, कितीही लहान मासा आंत शिरला तरी त्यास बाहेर पडतां येत नाहीं. शिवाय त्याचें लांबरुंद व जड लोखंड तळावरून ओढलें जातांना पाण्याखालच्या जमिनीवरील वनस्पति आणि कालवें, तिसऱ्या वगैरेंचें बीज यांचा नाश करतें. मोठे मासे ज्यांवर जगतात तेंच अन्न नाहींसें होतें. या साधनानें इतकी बारीक मासळी निघते कीं, तिचें काय करावें हें खुद्द पकडणारांस कळत नाहीं, आणि ते ती डुकरांस घालून त्यांस पुष्ट करितात. सबब या साधनाची बंदी व्हावी.

अर्जांत जाळ्याचीं मापेंही दिलीं आहेत. लांबी तीन वांव. रुंदी माणसाच्या पावलांनीं दहा पावलें. वर दहा पावलें लांबीची लाकडी तुळई. तिच्या दोन्ही टोकांस लोखंडी चौकटी. खालच्या कांठास शिसें व पुष्कळसे धोंडे. आणि आसाचें माप दोन अंगठ्यांएवढें. आज ज्यास ‘बीम ट्रॉल’ म्हणतात, त्याचेंच हें बारसें. आम्हांस या मापांचें महत्त्व फार वाटतें. दरबारी कारकुनास किंवा पाद्र्यास आस अंगठ्यानें मोजण्याचें सुचत नाहीं. जो रात्रंदिवस जाळें विणतो व उसवतो त्यासच तें सुचतें. तेव्हां हा अर्ज लिहून कोणीही दिलेला असो, त्यांतील मजकूर कोळ्याच्या तोंडचा आहे, असें म्हणण्यास आम्हांस दिक्कत वाटत नाहीं.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. अर्जदार हे नव्या जाळ्याचे प्रतिस्पर्धी होते, त्यांची तक्रार पोटासाठीं होती. तींत समुद्राविषयींची कळकळ कोठें आहे, असें कोणी म्हणेल. अर्जदार निःस्वार्थी होते असा आमचा दावा नाहीं. परंतु स्वार्थी माणसाचें म्हणणें खोटेंच असतें असें मानल्यास इतिहासाचीं निम्मीं साधनें टाकून द्यावीं लागतील. पाहावयाचें तें असें कीं, त्या स्वार्थानें त्यांस काय दिसलें. तळाचा नाश, पिल्लांचा नाश, आणि नको असलेल्या मासळीचा जनावरांच्या खाद्यांत शेवट, या तिन्ही गोष्टी त्यांनीं चौदाव्या शतकांत एकाच कागदांत नोंदविल्या. पुढें सहाशें वर्षें या विषयावर जें लिहिलें गेलें त्याचा मुख्य सांगाडा हाच आहे. डुकरांच्या जागीं आज कोंबड्यांचें व कोळंबीचें खाद्य करणारे मासळीकुटीचे कारखाने आले, एवढाच फरक.

सरकारचा जबाबही वाचण्यासारखा आहे. जाणत्या माणसांनीं चौकशी करावी, तक्रारीची सत्यता कळवावी, मग न्याय दिला जाईल! चौकशी नेमून प्रकरण थंड करण्याची रीत किती जुनी आहे हें यावरून दिसतें. ट्रॉल जाळें बंद पडलें नाहीं. उलट पुढील शतकांत तें पसरत गेलें.

मधल्या काळांतील एकच कायदा उल्लेखितों, कारण त्यांत कोळ्यांचे डावपेंच स्पष्ट दिसतात. पहिल्या जॉर्जच्या कारकीर्दीच्या आरंभीं, इ. स. १७१४-१५ च्या सुमारास, समुद्रांतील जाळ्याचा आस गांठीपासून गांठीपर्यंत साडेतीन इंचांहून लहान नसावा असें ठरलें. हेरिंग, पिलचार्ड वगैरे लहान जातींच्या जाळ्यांस तेवढी सूट होती. त्याच कलमांत पुढें म्हटलें आहे कीं, जाळ्यास खोटा किंवा दुहेरी तळ लावूं नये, आणि कायदेशीर मापाच्या एका जाळ्यावर वा मागें दुसरें जाळें लावूं नये. कायदा कशाची मनाई करतो यावरून लोक काय करीत होते हें कळतें. दोन जाळीं एकावर एक घातलीं, तर प्रत्येकाचा आस साडेतीन इंचांचा असूनही मासा सुटत नाहीं; शिपायानें मोजावें तरी माप बरोबर! या युक्तीच्या आवृत्त्या पुढें ठिकठिकाणीं निघाल्या.

एकोणिसाव्या शतकांत या प्रश्नानें वेगळें वळण घेतलें. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील गळ टाकणाऱ्या कोळ्यांनीं ट्रॉलवाल्यांविरुद्ध पुन्हां ओरड केली, आणि १८६३ सालीं एक राजकीय चौकशी मंडळ नेमलें गेलें. जेम्स केअर्ड, जॉर्ज शॉ-लेफेव्हर आणि प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ थॉमस हक्सले हे त्याचे सभासद. मंडळानें बंदरोबंदरीं फिरून साठ हजारांहून अधिक प्रश्न विचारले. १८६६ च्या अहवालाचा निष्कर्ष मात्र असा निघाला कीं, मासळी कमी झाल्याचें सिद्ध होत नाहीं, सबब खुल्या समुद्रांतील मासेमारीवरील सर्व निर्बंध उठवावे. तदनुसार १८६८ च्या कायद्यानें मागील अनेक कायदे एका फटक्यासरशीं रद्द झाले. आसाच्या मापाचे जुने नियमही त्यांबरोबर गेले.

येथें आम्हांस जो मुद्दा सांगावयाचा आहे तो असा. कोळी बेफिकीर आणि शास्त्रज्ञ सावध, ही जी समजूत आरंभीं सांगितली, ती या प्रसंगीं बरोबर उलटी ठरते. जाळें बारीक आहे, पिल्लें मरत आहेत, असें कोळी सांगत होता. आणि तुझें म्हणणें म्हणजे अडाण्याचा मत्सर होय, असें शास्त्र त्यास उत्तर देत होतें. अर्थात् हक्सलेवर अन्याय होऊं नये. १८८३ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्य-प्रदर्शनांत त्यानें कॉड, हेरिंग यांसारख्या मोठ्या मासेमाऱ्या अक्षय्य आहेत असें जें भाषण केलें, त्यांत त्या वेळच्या मासेमारीच्या पद्धतीपुरतेंच हें खरें, अशी मर्यादा त्यानें घातली होती. त्याचें वाक्य उचलणारांनीं ही मर्यादा गाळली. आणि पद्धत तर त्याच्या डोळ्यांदेखतच बदलत होती. १८७७ सालीं नॉर्थ शील्ड्स येथें ‘मेसेंजर’ नांवाच्या वाफेच्या ओढनौकेस ट्रॉल बांधून पाहिलें, आणि १८८१ सालीं ग्रिम्स्बीची ‘झोडिअॅक’ ही खास त्या कामासाठीं बांधलेली आगबोट पाण्यांत पडली. वाऱ्यावर अवलंबून असलेलें जाळें आतां कोळशाच्या बळावर रात्रंदिवस ओढलें जाऊं लागलें. १९०० सालीं वॉल्टर गारस्टँग यानें आंकड्यांनिशीं समुद्र ओस पडत चालल्याचें दाखविलें, तेव्हां कुठें विद्वानांस कोळ्यांचें म्हणणें ऐकूं आलें.

यानंतर शास्त्रानें जें काम केलें तें मात्र खरोखर मोलाचें आहे. ट्रॉलचा शेवटचा भाग म्हणजे खोला. सर्व मासळी तेथें गोळा होते. लोवेस्टॉफ्ट येथील संशोधकांनीं १९२८ ते १९३३ च्या दरम्यान खोल्याभोंवतीं बारीक आसाचें दुसरें जाळें बांधून, खोल्यांतून सुटलेले मासे त्यांत धरले व मोजले. कोणत्या आसांतून किती लांबीचा मासा निसटतो हें अशा रीतीनें अंदाजानें नव्हे तर मोजून कळलें. दुहेरी जाळें हें अठराव्या शतकांत चोरीचें साधन होतें. येथें तेंच मापनाचें साधन झालें, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. १९४६ सालीं लंडन येथें बारा राष्ट्रांनीं आसाचीं व मासळीचीं किमान मापें ठरविणारा करार केला. तो अंमलांत येण्यास १९५३ साल उजाडलें.

आसाचें माप वाढविल्यानें सर्व साधतें असें नाहीं, याचें कारण जाळ्याच्या घडणींतच आहे. पीठ चाळण्याच्या चाळणीचीं भोकें चाळतांना मिटत नाहींत. परंतु शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसाचें जाळें लांबीच्या दिशेनें ओढलें कीं, त्याचे आस चिंबतात व मिटतात. खोला भरला म्हणजे ताण अधिकच वाढतो. म्हणून किनाऱ्यावर हातांत धरून मोजलेला आस आणि पाण्यांत ओढला जाणारा आस हे दोन वेगळे. यावर उपाय म्हणून तेंच जाळें फिरवून, धागे ओढीच्या दिशेस समांतर व आडवे येतील असें लावण्याची युक्ति निघाली. यास चौकोनी आस म्हणतात; ताणाखालीं तो उघडा राहतो. धागा तोच, गांठ तीच, केवळ दिशा बदलल्यानें पिल्लास वाट मिळते.

आतां कांसवांचें प्रकरण. कोळंबीसाठीं ट्रॉल तासन् तास तळावर ओढतात. कांसवास श्वासासाठीं वर यावें लागतें, आणि जाळ्यांत सांपडलेलें कांसव बुडून मरतें. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर हा संहार मोठा होता. केवळ कोळंबीच्या जाळ्यांत दरसाल ५,००० ते ५०,००० लॉगरहेड कांसवें मरत असावीं, असा अंदाज तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९० सालीं दिला. अंदाजाच्या दोन टोकांतील अंतर केवढें आहे तें पाहावें! तथापि धाकटें टोक धरलें तरी तें थोडें नव्हे. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर केम्प्स रिडले जातीचीं घरटीं १९८५ सालीं अवघीं सातशें दोन मोजलीं गेलीं होतीं.

यावरील उपाय कोठून आला? जॉर्जिया संस्थानांतील डॅरिअन गांवचा सिंकी बून नांवाचा कोळी. त्यास कांसवांची नव्हे, जेलीमाशांची अडचण होती. गोळ्यासारखे हे जीव जाळें भरून टाकीत, तें फुटण्याची वेळ येई. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यानें जाळ्याच्या गळ्याशीं तिरप्या गजांची एक चौकट शिवली आणि तिच्या तोंडाशीं भोंक ठेवलें. कोळंबी गजांमधून खोल्यांत जाई. जेलीमासा गजांवरून घसरून भोंकांतून बाहेर पडे. याच वाटेनें कांसवही बाहेर जाई. या साधनास लोक ‘जॉर्जिया जंपर’ म्हणूं लागले. सरकारी खात्यानें स्वतंत्रपणें बनविलेलें पहिलें साधन जड व अडचणीचें असल्यानें कोळ्यांस रुचलें नाहीं. बूनच्या धर्तीचें हलकें साधनच टिकलें. इंग्रजी आद्याक्षरांवरून अशा साधनांस ‘टेड’ म्हणतात. नॉर्वेंत नॉर्डमोर प्रांतांत असाच प्रकार झाला. तेथील कोळ्यानें जेलीमासे काढण्यासाठीं केलेली गजांची चौकट १९८९ सालीं संशोधकांनीं तपासली. एकोणीस मिलिमीटर अंतराच्या गजांमधून कोळंबी आंत जाते व कॉड-हॅडॉकचीं पिल्लें बाहेर पडतात असें दिसून आलें, आणि लवकरच ती सक्तीची झाली. दोन किनाऱ्यांवर, दोन निराळ्या माणसांनीं, एकाच त्रासांतून एकच तोड काढावी, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें.

मग कोळ्यांनीं टेडला विरोध कां केला? १९८७ सालीं अमेरिकन सरकारनें तें सक्तीचें केलें, आणि जुलै १९८९ मध्यें टेक्ससच्या कोळंबीवाल्यांनीं आपल्या बोटी आडव्या लावून बंदरांचीं तोंडें अडविलीं. आमच्या मतें याचें उत्तर साधनांत नाहीं, हिशेबांत आहे. जेलीमासा काढण्यांत लाभ कोळ्याचा होता. कांसव सोडण्यांत लाभ सर्वांचा, पण भोंकावाटे जी थोडी कोळंबी निसटे तिचें नुकसान एकट्या कोळ्याचें. नुकसान कोणी सोसावें हें ठरविल्यावांचून हुकूम काढला, तर भोंक शिवून टाकण्यास सुई-दोरा पुरतो. आणि तें शिवलें गेल्याचीं उदाहरणें पुढें घडलींच.

हाच प्रश्न लवकरच राष्ट्रांराष्ट्रांमध्यें उभा राहिला, आणि येथें हिंदुस्थानचा थेट संबंध येतो. १९८९ च्या एका अमेरिकन कायद्यानें, कांसवांचें असेंच रक्षण न करणाऱ्या देशांची कोळंबी घेण्यास मनाई केली. प्रथम ती अमेरिकेच्या आसपासच्या देशांपुरती होती. न्यायालयाच्या हुकमानें १ मे १९९६ पासून सर्व जगास लागू झाली. हिंदुस्थान, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनीं जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १२ ऑक्टोबर १९९८ रोजीं अपील मंडळानें निर्णय दिला. कांसवांचें रक्षण हा हेतु योग्य; परंतु कायद्याचा अंमल पक्षपाती, असा त्याचा इत्यर्थ. पक्षपात कसा, तर कॅरिबियन भागांतील देशांस तयारीसाठीं तीन वर्षें मिळालीं, आशियांतील देशांस अवघे चार महिने! येथें पुन्हां तोच हिशेब: सुधारणेचा खर्च कोणी व किती अवधींत सोसावा. दरम्यान कोची येथील केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेनें आपल्याकडील लहान बोटींस सोसेल असें टेड तयार केलें. पण त्याचा वापर पसरला नाहीं, आणि २०१९ सालीं अमेरिकेनें हिंदुस्थानच्या समुद्रांतील कोळंबीवर पुन्हां बंदी घातली.

आतां आमच्या किनाऱ्याविषयीं थोडें. आंग्र्यांच्या आरमारासंबंधीं आपण पुष्कळ कागद छापले. तीं गलबतें हांकणारे कोळी घरीं कोणतें जाळें वापरीत, याकडे संशोधकांचें लक्ष क्वचितच गेलें. १९२१-२२ सालीं मुंबई सरकारनें ‘विल्यम कॅरिक’ नांवाचा ट्रॉलर आणून या समुद्रांत प्रयोग केले. पुढें यांत्रिक ट्रॉलर वाढले, तशी एडवर्डाच्या काळची तक्रार येथें मराठी व कोंकणी तोंडांतून ऐकूं येऊं लागली. गोमंतकांत १९७० च्या दशकांत रापणकारांनीं ट्रॉलरविरुद्ध मोठी चळवळ केली. १९८० सालीं गोव्यांत व १९८१ सालीं महाराष्ट्रांत सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. हे कायदे वरून आले असें कोणी म्हणेल तर त्यानें रापणकारांचे मोर्चे आठवावे.

परंतु सर्व दोष ट्रॉलरच्या पदरीं घालणें इतिहासास धरून होणार नाहीं. वसई, अर्नाळा, उत्तन या भागांतील डोल हें आमचें जुनें व मानाचें जाळें. भरती-ओहोटीच्या प्रवाहांत तोंड करून तें रोंवून ठेवतात. त्यांत बोंबील, मांदेली, जवळा मिळतो. जवळा अगदीं बारीक, म्हणून खोल्याचा आसही बारीक. आणि त्यांतच सरंग्याचीं, म्हणजे पापलेटचीं, पिल्लें सांपडतात. सातपाटीचा कोळी मोठ्या आसाच्या जाळ्यानें मोठा सरंगा धरतो, आणि त्याच सरंग्याचें पिल्लूं शेजारच्या गांवच्या डोलींत बोटभर असतांना मरतें. दोघेही कोळी, दोघांचीही जाळीं वाडवडिलांचीं. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं सरंग्यास राज्यमाशाचा मान दिला, आणि त्याच वर्षीं चोपन्न जातींच्या मासळीचीं किमान मापें ठरविलीं. बाजारांत पिल्लूं विकण्यास यामुळें अटकाव होईल. जाळ्यांत मेलेलें पिल्लूं मात्र त्यामुळें जिवंत होत नाहीं. आस मोठा करावा तर जवळा हातचा जातो, आणि पावसाळ्यांत कित्येक घरांची भिस्त वाळविलेल्या जवळ्यावर असते. डोलींत चौकोनी आस लावावा, कीं ऋतूप्रमाणें खोला बदलावा, याचा निर्णय आंकड्यांवांचून होणार नाहीं.

असे आंकडे कांहीं अंशीं कोळी कुटुंबांत व गांवच्या सहकारी सोसायट्यांच्या दप्तरांत असणें शक्य आहे: जाळें विणवून घेतल्याचे हिशेब, सुताचें वजन, खोल्याचें माप, कोणत्या महिन्यांत काय विकलें त्याच्या वह्या. सरंजामाच्या सनदा जितक्या काळजीनें आपण उतरून घेतल्या तितक्याच काळजीनें या वह्या उतरून घेतल्या पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं मंडळास दाखवावे, अशी आमची विनंती आहे.